मागचे खिसे

साडूचं नुसतं नाव निघालं तरी मास्तरांच्या पोटात दुखायला लागायचं. आणि बायको तर ते नाव उठता-बसता काढायची, कारण साडू म्हणजे तिच्या ताईचे यजमान. पोस्टातून निवृत्त झालेले, सकाळी ताठ चालत फिरायला जाणारे. दर वर्षी न चुकता ते रक्त, डोळे, रक्तदाब, सगळं तपासून यायचे. मग ताईचा फोन यायचा आणि बायको पुढच्या खोलीतल्या दुकानात येऊन, शिलाई मशीनच्या आवाजावर आवाज चढवून सांगायची, "भावोजींचं सगळं अगदी ताब्यात आहे हो! डॉक्टरांनी पाठ थोपटली." जणू म्हातारा परीक्षेत पहिला आला होता.

"तुम्हीही एकदा जाऊन या ना," हे ती पुढे म्हणायचीच. "साठी ओलांडली आता."

"मला काय धाड भरलीय?" मास्तर दातांनी दोरा तोडून म्हणायचे. "चांगली शिवण उगाच उसवून बघायची, हा कुठला शहाणपणा?"

खरं कारण वेगळंच होतं. तपासायला गेलो आणि काही निघालं तर? बायको ताईला सांगणार, ताई साडूला सांगणार, आणि साडू पुढच्या भेटीत खांद्यावर हात ठेवून म्हणणार, "जपा हो." ते ऐकण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मास्तरांना अगदी मनापासून वाटायचं.

अशात त्यांची पँट कंबरेत ढिली व्हायला लागली.

मास्तर हरखून गेले. ना फिरणं, ना पथ्य, आणि कंबर आपोआप उतरतेय! तिकडे साडू वर्षानुवर्षं चपला झिजवून जिथल्या तिथे. दुसऱ्या कुणाची पँट अशी ढिली झाली असती तर पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं असतं, चार माणसांनी विचारलं असतं, कुठेतरी शंकेची पाल चुकचुकली असती. मास्तरांच्या बाबतीत तसं काही झालं नाही, कारण ढिलेपणा दिसायच्या आतच ते मागची शिवण उसवून पँट आत घ्यायचे. कंबर आणखी उतरली की पँट आणखी आत. अंगावरचं मांस उतरत होतं आणि मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं. गिऱ्हाइकाच्या पँटला ते शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड सोडायचे, माणूस पुढे सुटला तर सैल करता यावी म्हणून. स्वतःच्या पँटचं ते कापड मात्र त्यांनी कात्रीने उडवून टाकलं. परत जाड होतोय कोण!

तहान फार लागायची, पण तो उन्हाळ्याचा दोष होता. सुईत दोरा जाईना, तो बल्बचा दोष होता. मास्तरांनी बल्ब बदलला.

त्याच सुमारास साडूच्या मुलीने नवं घर घेतलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. एरवी शर्ट बाहेर सोडणाऱ्या मास्तरांनी त्या दिवशी तो मुद्दाम खोचला. बघू दे एकदा साडूला. तिथे ते खुर्चीवर टेकलेच नाहीत, सगळ्यांसमोरून नुसत्या येरझाऱ्या घालत राहिले. मध्येच ग्लासभर पाणी, मध्येच बाथरूम, पुन्हा येरझाऱ्या.

"मास्तर, थांबा जरा," मागून साडू म्हणाले. "हे तुमचे मागचे दोन खिसे एकमेकांच्या गळ्यात पडायला आलेत की!"

सगळे हसले. बायकोसुद्धा हसली. पँट मागून फार आत घेतली की खिसे जवळ येतात, हे मास्तरांना काय कुणी शिकवायचं! पण जन्मभर गिऱ्हाइकाला "वळा" म्हणणाऱ्या या माणसाने आरशात स्वतःची पाठ कधी पाहिलीच नव्हती. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येईपर्यंत ते धुमसत होते.

"जळतो मेला माझ्या कंबरेवर," ते बायकोला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतात तो साडू दारात. हसत नव्हते.

"काही खाल्लं नसेल तर तसेच चला. रक्त तपासून येऊ."

"मला काही झालेलं नाही. तुम्हाला बघवत नाही, एवढंच."

"खरंच नाही बघवत," म्हणत साडू स्टुलावर बसले. "मास्तर, अकरा वर्षं झाली मला साखर होऊन. घरात हिच्याशिवाय कुणाला माहीत नाही. अशाच एका साध्या तपासणीत निघाली, तेव्हा मला काही होतसुद्धा नव्हतं. काल तुम्ही ग्लासवर ग्लास पाणी रिचवत होतात, आणि वर ते खिसे. हसलो खरा, पण नंतर डोळा लागला नाही."

मास्तरांच्या हातातली कात्री हातातच राहिली. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमच्यापुढे? तुम्ही हवं ते खाता, डॉक्टरचं तोंड बघत नाही, आणि तरी ठणठणीत. तुम्हाला बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. तुमच्यासमोर आजारी ठरायचं नव्हतं मला."

मास्तर चपला शोधायला लागले. आपण ज्याच्यावर जळत होतो तोही आपल्यावर जळत होता, हे ऐकून त्यांना आधी फार बरं वाटलं, आणि मग तसं वाटल्याची लाज वाटली.

साखर भरपूर निघाली, आणि ती काही आजकालची नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून आत पाहिलं. पडद्याला इजा झाली आहे, म्हणाले. पुढे वाढू नये असं बघू, पण गेलेली नजर परत येणार नाही. "थोडं आधी आला असतात तर..." म्हणत ते औषधं लिहायला लागले. बल्बचा काहीच दोष नव्हता.

औषध लागू पडलं. मास्तरांचं अंग भरलं आणि पँट आवळायला लागली. त्यांनी शिवण उसवली, तर सैल करायला आत कापडच नाही. शेवटी दुसऱ्या कापडाची पट्टी जोडायला घेतली. साडू समोरच बसले होते. हल्ली तपासणीला दोघे बरोबरच जायचे. मास्तरांनी दोरा ओला केला, सुईपाशी नेला, चुकला. पुन्हा नेला, पुन्हा चुकला.

"द्या इकडे," साडू म्हणाले. सुई उजेडाकडे धरून त्यांनी दोरा पहिल्या झटक्यात ओवला. अकरा वर्षं साखर असलेला माणूस, वयाने मोठा, आणि डोळे असे!

मास्तरांच्या पोटात दुखलं. पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दुखलं, कारण या वेळी हेवा करण्यासारखं खरोखरच काही समोर होतं. त्यांनी सुई घेतली आणि दोऱ्याला गाठ मारली. मग सुयांची डबी साडूपुढे सरकवली.

"आणखी थोड्या ओवून ठेवा," ते म्हणाले. "तुम्ही घरी गेलात की मला लागतील."