उलटा बसलेला कपॅसिटर

१२ नोव्हेंबर. धाकटे भाऊजी सकाळीच आले. पिनबॉलचं मशीन उघडलं. एवढं तिनं डायरीत लिहिलं.

तिच्या यजमानांनी आयुष्यभर असली खेळाची मशिनं दुरुस्त केली. या घरच्या मशीनच्या बोर्डावरचे कपॅसिटर, वीज साठवणारे ते छोटे भाग, त्यांनी बदलले, पण मशीन चालू व्हायच्या आतच ते वारले. मशीन एकदा तरी वाजावं, एवढंच तिला हवं होतं.

भाऊजी बोर्डावर वाकले आणि थबकले. "वहिनी, हा फुगलेला दादानं लावला?"

"मग काय मी लावला?"

"उलटा बसलाय. उणे बाजूला एवढी ठसठशीत पट्टी असते, आंधळ्यालाही..." त्यांनी जीभ चावली.

तिनं वाकून पाहिलं; पट्टी खरंच ठसठशीत होती. डोळे तपासून घ्या म्हटलं की यजमान हसायचे, "तुझा चेहरा दिसतो, तेवढं पुरे." आणि रात्रभर खोकून तिचं तोंड सुजलं असलं, तरी सकाळी स्वयंपाकघरातल्या मंद दिव्याखाली म्हणायचे, "आज टवटवीत दिसतेस हं!"

भाऊजींनी नवा कपॅसिटर जोडला. दिवे लागले, घंट्या वाजल्या. ती पाठ फिरवून आत गेली.

संध्याकाळी तिनं डायरीत पुढे लिहिलं: स्वयंपाकघरातला बल्ब बदलला. जास्त उजेडाचा लावला.