ब्रेकमावशींनी रोज लिहायचं ठरवलं तेव्हा

शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मावशींचा पाय त्यावर असा बसलेला असायचा, जणू जन्मतःच तिथे फुटला होता. म्हणून त्या ब्रेकमावशी. पेट्रोलपंपामागच्या एका खोलीत त्यांचं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. आत एक टेबल आणि वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. बाहेर एक पांढरी गाडी, आणि तिला इतके पोचे की नव्याने पडलेला कुणाच्या लक्षातही यायचा नाही.

मावशींची जीभही पायाइतकीच तयार होती. दिवसभरात कोणी काय दिवे लावले ते त्या संध्याकाळी जेवताना सांगायच्या. ग्रंथालयातल्या एका बाईंना हॉर्न वाजवायची लाज वाटे, त्या काच खाली करून समोरच्या ट्रकला म्हणायच्या, "जरा सरकता का?" एक गृहस्थ सिग्नल लाल झाला की इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकायचे. हे ऐकून ऐकून लेकीने एकदा आईला ब्लॉग काढून दिला. नाव ठेवलं ‘दुसरा ब्रेक’. मावशी लिहायच्या आणि त्यांचे यजमान तपासायचे. यजमानांची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. बायकोच्या स्वभावात सुधारणा करता आली नाही, निदान ऱ्हस्व-दीर्घात तरी करू, असं ते म्हणायचे.

लिहायचं कधी, याचा काही नियम नव्हता. काही घडलं की लिहायचं. वाचणारे थोडेच होते. जुने विद्यार्थी, दोन-चार नातेवाईक, आणि कुणी एक अनोळखी माणूस, जो प्रत्येक लेखाखाली ‘छान’ एवढंच लिहायचा. मावशींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या बातमीखालीही त्याने ‘छान’ लिहिलं होतं.

मग जावई मध्ये पडला. तो एका गादी बनवणाऱ्या कंपनीत जाहिरातीचं काम पाहायचा, आणि लोकांना काय हवं असतं हे लोकांपेक्षा आपल्याला जास्त कळतं अशी त्याची समजूत होती.

"आई, तुमचं लिखाण फक्कड आहे. पण सातत्य नाही. रोज एक लेख टाका. नाहीतर लोक विसरतात."

"माझ्या नणंदेला मी काहीच पाठवत नाही," मावशी म्हणाल्या, "तरी ती मला इतक्या वर्षांत विसरलेली नाही."

"ते वेगळं, आई. महिनाभर रोज टाकून तर बघा."

यजमान म्हणाले, "रोज तपासायला मी काय नोकरीवर आहे?" पण मावशींच्या डोक्यात ते शिरलं होतं. आणि मावशींच्या डोक्यात शिरलेलं बाहेर काढायला रिव्हर्स गिअर नव्हता.

सुरुवात झोकात झाली. जुना साठा होता, तो निघाला. वाचणारे वाढले. जावई रोज सकाळी आकडे कळवायचा आणि मावशी ते ऐकून अंमळ जास्तच ताठ बसायच्या. मग साठा संपला. आता रोज सकाळी एक प्रश्न आ वासून उभा: आज काय?

विद्यार्थ्यांनी नीट गाडी चालवली की मावशींना राग येऊ लागला. एका नर्सने पहिल्याच फटक्यात दोन गाड्यांच्या मधे गाडी अलगद लावली. मावशी तोंड पाडून म्हणाल्या, "जमलं? एवढी घाई कशाला केलीस?" पोरगी गोंधळली. पुढे पुढे तर मावशींचा पाय ब्रेकपाशी जरा रेंगाळायला लागला, बघू तरी काय होतंय म्हणून. एकदा असं बघता बघता गाडी कचऱ्याच्या डब्यावर चढली. लेख झकास झाला. बंपर मात्र गेला.

तेही पुरेना, तेव्हा मावशी घरात घुसल्या. यजमानांचं घोरणं झालं. यजमान दुसऱ्याच्याच चपला घालून लग्नाहून परतले, तेही झालं. नणंदबाईंच्या नव्या केसांवर एक लेख झाला आणि नणंदबाईंनी फोन उचलणं बंद केलं. त्यांना विसरायला लावण्याचा उपाय अखेर सापडला तो असा.

यजमान स्वतःवरचे लेखही इमानाने तपासून द्यायचे. एकदा नुसतं म्हणाले, "‘घोरणं’वर अनुस्वार राहिलाय." पण जेवताना त्यांचं बोलणं आटलं. मावशींनी विचारलं तर म्हणाले, "मीठ कमी आहे असं म्हणणार होतो. पण ते छापून येईल."

लेकही आल्यावर आधी बजावायची, "आई, हे लिहायचं नाही हं," आणि मगच पर्स खाली ठेवायची.

याच दिवसांत दातांचे डॉक्टर शिकायला येत होते. उंच, अबोल गृहस्थ, पन्नाशी उलटलेली. दुसऱ्याच्या तोंडात ड्रिल चालवताना ज्याचा हात हलत नाही तो माणूस स्टिअरिंग धरलं की पानासारखा थरथरायचा. त्या दिवशी मावशींनी त्यांना मोठ्या सर्कलवर नेलं. डॉक्टर आत शिरले, पण बाहेर पडेनात. बाहेर पडायच्या रस्त्याशी आलं की बाजूने एखादी गाडी यायची आणि डॉक्टर "तुम्ही आधी जा" म्हणून पुन्हा गोल. मावशी ओरडत होत्या, "निघा! आता निघा!" आणि डॉक्टर फिरतच होते. शेवटी पोलिसाने शिट्टी वाजवून सगळी वाहतूक थांबवली आणि त्यांना वरातीसारखं बाहेर काढलं. डॉक्टर रडकुंडीला आले होते. मावशींना मात्र उद्याची चिंता मिटल्याचा आनंद झाला.

‘दंतवैद्याची प्रदक्षिणा’ हा लेख तुफान वाचला गेला. मावशींनी नाव घातलं नव्हतं, पण त्या भागात दातांचे तेवढे उंच डॉक्टर होतेच किती? जावई फोनवर किंचाळला, "आई, फोडलंत!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मग त्यांच्या बायकोचा फोन आला.

"मावशी, तुमचा लेख शेजारणीने मला वाचून दाखवला. मी खूप हसले."

"बरं वाटलं," मावशी सावधपणे म्हणाल्या.

"मला आता नीट दिसत नाही हो. आमच्याकडे गाडी मीच चालवायचे. आता डोळ्यांच्या दवाखान्यात मला न्यायचं म्हणून ते या वयात शिकायला निघाले. पेशंट चिडवतात त्यांना. काल एकाने तोंडात कापूस असतानाही बोटाने हवेत गोल काढून दाखवला. आता म्हणतात, क्लासला जाणार नाही. खाली पार्किंगमध्ये आमच्या गाडीत बसतात, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवतात. आणि तोंडाने आवाज काढतात."

"कसला आवाज?"

"गाडीचा."

मावशी हसल्या नाहीत. एरवी त्यांनी त्या आवाजावर दोन परिच्छेद काढले असते. त्यांनी आधी तो लेख काढून टाकला, समोरच्या विद्यार्थ्याला घरी पाठवलं आणि सरळ डॉक्टरांच्या इमारतीत गेल्या. डॉक्टर खरंच बसले होते. मावशी दार उघडून शेजारच्या सीटवर बसल्या. इथे त्यांच्या पायाशी ब्रेक नव्हता, त्यामुळे पाय कुठे ठेवावा हेच त्यांना कळेना.

"डॉक्टर, चुकलं माझं. लेख काढून टाकलाय."

डॉक्टर समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. "हेही लिहिणार?"

"नाही."

"मग उद्या काय लिहाल?"

"उद्या गेलं खड्ड्यात. चला, किल्ली फिरवा."

त्या दिवशी लेख गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाचकांचा मोर्चा वगैरे काही निघाला नाही. फक्त जावई संध्याकाळी घरीच येऊन धडकला.

"रोज नको तर नको," तो म्हणाला, "पण आठवड्यातून दोनदा तरी. ठरलेले वार. मंगळवार, शुक्रवार."

"आणि मंगळवारी काही घडलंच नाही तर? कुणाला खांबावर घालू? तुम्ही येता?"

"मग आठवड्याला एक," यजमान बऱ्याच दिवसांनी जेवताना बोलले. "मलाही नीट तपासता येईल."

"तुमचं मीठ आधी बोला."

"कमीच आहे."

मावशींनी मीठ त्यांच्यापुढे सरकवलं आणि निकाल सांगितला. वार नाही, आकडा नाही. सांगण्यासारखं घडेल तेव्हाच लिहायचं, आणि ज्याच्यावर लिहिलंय त्याने आधी वाचून हो म्हटलं तरच टाकायचं. जावई म्हणाला, निम्मे वाचक जातील. मावशी म्हणाल्या, "जाऊ देत. सर्कलमधून बाहेर पडायला जमतंय त्यांना, चांगलंच आहे."

निम्मे खरंच गेले. जावई महिनाभर फुगून होता. नणंदबाईंकडे मावशी स्वतः जाऊन आल्या. केसांचं कौतुक करताना जीभ चावावी लागली, पण केलं. पुढे कधी एकाच आठवड्यात दोन लेख यायचे, कधी दीड-दोन महिने शुकशुकाट. त्या शुकशुकाटात मावशींचा पाय ब्रेकवर पूर्वीसारखा घट्ट असायचा.

डॉक्टर परीक्षेत आधी आपटले, मग पास झाले. बायकोला घेऊन ते स्वतः दवाखान्यात गेले, गाडी दोन जागा अडवून तिरकी उभी केली, आणि परतताना मावशींच्या स्कूलपुढे थांबले. डॉक्टर उतरले ते तक्रार घेऊनच.

"मी पास झालो. दवाखान्यात जाऊन आलो. तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत."

"तुम्हीच तर ‘हेही लिहिणार?’ म्हणून दटावलंत."

"ते तेव्हा."

मावशींनी तिथेच बसून लिहिलं आणि दोघांना वाचून दाखवलं. डॉक्टर खूश झाले. बाईंना मात्र एक वाक्य खटकलं.

"‘बाई शेजारी शांतपणे बसल्या होत्या’? साफ खोटं! घरापासून दवाखान्यापर्यंत मी सारखी ओरडत होते. ते घाला, तरच टाका."

मावशींनी ते घातलं.