कोरा समास

सायलीच्या निबंधाचा समास सरांच्या लाल शाईने भरला होता. एका वाक्यापुढे त्यांनी विचारलं होतं, "कशावरून?" माझा समास कोराच. शेवटी नुसतं "छान".

"मजा आहे बाई तुझी!" सायली म्हणाली.

मी धीर करून सरांकडे गेले. "सर, माझं काय चुकलं?"

"अगं, तुमच्या घरातून कॉलेजात आलेली तू पहिलीच ना? त्या मानाने छानच लिहितेस."

त्या मानाने! म्हणजे माझ्या वाक्यांना साधा एक प्रश्नही विचारायचा नाही? चूक दाखवणारा निदान हे तरी धरून चालतो, की हिला याहून चांगलं लिहिता येईल.

मी सायलीचं लाल पेन मागून घेतलं. माझं पहिलंच वाक्य होतं, "आमचं गाव फार सुंदर आहे." त्याच्यापुढे मी मोठ्ठं "कशावरून?" लिहिलं आणि उत्तर शोधत बसले.