खरेदीवरची वर्गणी

चाकणच्या कारखान्यात हरिहररावांना पगार चांगला होता, पण त्यातून कापला जाणारा आयकर त्यांच्या घशाखाली कधी उतरला नाही. "कमावणाऱ्याला दंड आणि उधळ्याला मोकळं रान! पगाराला हातच लावू नका. जो जेवढं विकत घेईल, त्याच्याकडून तेवढा कर घ्या," हे ते कंपनीच्या बसमध्ये सांगत, दाढीच्या दुकानात सांगत, लेकीच्या साखरपुड्यातही त्यांनी व्याह्यांना धरून सांगितलं. स्वतः एवढे चिक्कू, की त्यांच्या कायद्याने देश चालला असता तर सरकार त्यांच्या दारात उपाशी बसलं असतं.

पिंपळे सौदागरला त्यांच्या सोसायटीत गणपतीची वर्गणी फ्लॅटच्या आकारावर असे. हरिहररावांचा फ्लॅट सर्वांत मोठा, म्हणून वर्गणी सर्वांत जास्त. आणि ज्याची वर्गणी जास्त, त्याच्या हातात विसर्जनाच्या आरतीचं ताट, असा तिथला रिवाज. वर्गणी देताना त्यांचा जीव जायचा आणि ताट हातात आलं की परत यायचा. त्या मानासाठी ते वर्षभर रेशमी सोवळं डांबराच्या गोळ्या घालून जपत.

यंदा ते अध्यक्ष झाले आणि आपला कायदा त्यांनी सोसायटीतच लागू केला. वर्गणी बंद! मांडवातल्या खाऊच्या स्टॉलवर दर कूपनामागे थोडं जादा घ्यायचं, कूपन फ्लॅटच्या नावावर फाडायचं, ते जादा पैसे म्हणजेच त्या फ्लॅटची वर्गणी. सभेत टाळ्या पडल्या. मोठ्या फ्लॅटवाल्यांनी जरा जोरातच वाजवल्या.

घरी बायकोने, चित्राताईंनी विचारलं, "मग आपण स्टॉलवर काय खायचं?"

"स्टॉलवर कशाला? घरून डबा नेऊ."

"अहो, मग आरती?"

"आरती कुठे जाते? अध्यक्ष कोण आहे?"

चित्राताईंनी डबे काढून पुसायला घेतले. नवऱ्याला उघड्या डोळ्यांनी खड्ड्यात जाताना बघायची त्यांना सवय होती.

सोसायटीतल्या सगळ्यांत लहान फ्लॅटमध्ये नवनाथ भाड्याने राहायचा. मूळचा बीडकडचा, कारखान्यात कंत्राटावर. त्याची बायको पूनमही शिफ्टला जायची. घरात म्हातारी आई, तीन लेकरं, शिवाय सणाला आलेले भाचे. पूर्वी त्याची वर्गणी सर्वांत कमी असे. आता रोज संध्याकाळी दारासमोरच्या स्टॉलवर वडे तळले जायचे. पोरं बापाचा हात ओढायची आणि बाप कूपन फाडायचा. बापाने दुसरं काय करावं?

विसर्जनाच्या दिवशी हरिहरराव सोवळं नेसून मूर्तीच्या अगदी पुढ्यात उभे राहिले. खजिनदार निवेदिताताईंनी जाहीर केलं, "यंदा सर्वांत जास्त भर नवनाथभाऊंची. आरतीचा मान त्यांचा!" मागून कुणीतरी मुद्दाम विचारलं, "आणि अध्यक्षांची?" निवेदिताताई खाकरल्या. "त्यांची... अजून यायची आहे."

मांडवभर हशा पिकला. हरिहररावांना फार लागलं, रडूच यायचं बाकी राहिलं. पण नियम त्यांचाच, बोलणार कुणाला? शेवटी त्यांनी मन मोठं केलं आणि ताट उचलून नवनाथपुढे धरलं. "घे नवनाथ, खूश ना? एवढ्या वर्षांत हा मान माझ्याशिवाय कुणाला मिळाला नाही."

नवनाथने आधी बाप्पाला हात जोडले, ताट घेतलं आणि मग हळूच म्हणाला, "खूश हाय की साहेब. पण पुढच्या साली ह्यो मान तुमीच घ्या. आमाला परवडत न्हाई."