सेपरेटमधला पारा

इंग्रज निर्धास्तपणे देश सोडून गेले ते, मागे त्यांची स्पेलिंगं सांभाळायला ताडकळसला आमचे साडू जन्मणार, या एकाच खात्रीवर! इंग्रजीचे निवृत्त मास्तर. खिशात लाल पेन, पिशवीत खडू. पालमला जाताना एखाद्या कमानीवर ‘वेलकम’मध्ये दोन एल दिसले, की कंडक्टरला घंटी मारायला लावून हे खाली. मागची एसटी कधी येईल, याची फिकीर शून्य. लग्नात अक्षता पडायच्या आधी बॅनरवरच्या ‘वेड्स’मधला फुकटचा ॲपॉस्ट्रॉफी नखानं खरवडत उभे. नवरीच्या मामानं घाबरून विचारलं, “गुरुजी, काय करायलात?”

“माशी उडवायलोय.”

पण त्यांचा खरा जीव ‘सेपरेट’वर. सगळा जिल्हा त्यात पीनंतर ई लिहितो. आठवडी बाजारातल्या हॉटेलवाल्याला त्यांनी ‘फॅमिलीसाठी सेपरेट रूम’च्या पाटीखालीच धडा दिला, “पी-ए-आर-ए. पारा! पारा चढल्याबिगर माणूस सेपरेट होतंय व्हय?”

“गुरुजी, गिऱ्हाईक भजे खायला येतंय, पाटी खायला न्हाई.”

त्या दिवसापासून साडूंनी तिथले भजे सोडले. भजे त्यांना लय आवडायचे.

आणि अशा माणसाच्या सख्ख्या धाकट्या भावानं एक दिवस म्हणावं, “दादा, आता आमाला येगळं राहू द्या.” साडूंनी खिशातलं लाल पेन चाचपलं. मग म्हणाले, “अर्ज दे. इंग्रजीत.”

भावाचा जन्म शेतात गेलेला. त्यानं कसाबसा अर्ज लिहिला. सेपरेटमध्ये अर्थात ई. “पारा न्हाई ह्यात,” लाल गोल, अर्ज परत. पुढच्या खेपेला पारा सापडला, पण ‘युअर्स’वर माशी बसली. अर्ज परत. तिसऱ्या खेपेला पारा पुन्हा गायब. अशी दोन वर्षं गेली. अर्ज नामंजूर होत राहिले आणि दोन्ही जावा एकाच चुलीवर भाकरी थापत राहिल्या. गावात सगळे हसायचे. सर्वांत जास्त मी.

यंदा पोळ्याला मी तिथंच होतो. जेवणं झाल्यावर भावानं कॉलेजातल्या लेकीकडून तपासून घेतलेला अर्ज पुढे केला. साडूंनी तो दोनदा वाचला. मीही मान लांब करून पाहिला. कुठं माशी नाही, पारा जागच्या जागी.

साडूंनी लाल पेन उघडलं. पीनंतरच्या ए-वर जोर देऊन ई काढला आणि त्याभोवती गोल केला.

“चुकलंय. परत लिहून आण.”

भाऊ कागदाकडे बघत राहिला. मग त्यानं सावकाश घडी घालून तो खिशात ठेवला.

“कवापतोर आणू, दादा?”

“घाई न्हाई,” साडू म्हणाले. पेनाचं टोपण मात्र कितीतरी वेळ त्यांना बसवता येईना.