घंटेचा मान

हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही. ते गेले. आता तुम्हाला सांगते — फक्त मध्येच माझी समजूत काढू नका.

मुरुडजवळच्या एका कोळीवाड्यात मी मास्तरीण होते. स्वराज्य येऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. एका खोलीत चार इयत्ता, शिकवणारी मी एकटी. त्यात चंद्री. आता अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. तेव्हा आम्ही सरळ खुळी म्हणायचो — मीसुद्धा. बोलायची नाही, नजरेला नजर द्यायची नाही, आणि शाळेची घंटा झाली की कान दाबून अशी किंचाळायची की सगळा वर्ग बिथरायचा. पाट्या फेकायची, चावायची. मी छड्या मारल्या. हो, मारल्या. पण सांगायचंय ते हे नव्हे.

घंटा म्हणजे ओसरीवर टांगलेला रुळाचा तुकडा. एकदा वैतागून मी दांडा तिच्याच हातात दिला — घे मेले, तूच वाजव! तिने वाजवली. आणि निमूट आत येऊन बसली! दुसऱ्या दिवशीही तेच. स्वतः वाजवली की तिला तो आवाज सोसवायचा. का, ते मला कळलं नाही. पण पोर वर्गात टिकायला लागली, पाटीवर अक्षरं गिरवायला लागली. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

पण घंटेचा मान आजवर पाटलांच्या नातवाचा. "बाई, शाळा खुळीच्या हाती दिलीत व्हय?" पाटील चारचौघांत म्हणाले आणि सगळे फिदीफिदी हसले. बस. कुणी धमकावलं नाही, बदलीचं बोललं नाही. नुसते हसले — आणि मला तेवढंही सोसवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दांडा काढून घेतला. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. नातवाने घंटा वाजवली, आणि चंद्री त्याच्या दंडाला कडकडून चावली. रक्त आलं. पाटील आले, चंद्रीची आई धावत आली. त्यांच्यासमोर मी काय म्हणाले, ठाऊक आहे?

"मी सगळं करून पाहिलं. ही शाळेत बसण्यातली नाही."

सगळं करून पाहिलं! काय केलं की ती बसते, हे त्या गावात मला एकटीलाच माहीत होतं. आणि मीच तिचं नाव कमी केलं.

काही महिन्यांनी तिची आई मासळीची पाटी घेऊन माझ्या दाराशी आली. "शाळंची येळ झाली का उटून भाईर पलते ओ बाई. बाजारात जाताना खांबाला बांधून जाते. काय करू?"

तेव्हाही म्हणता आलं असतं — उद्या पाठव गं तिला. का नाही म्हटलं?

तिने पाटीतून सुक्या बोंबलांची जुडी काढली. "तुमी माज्या पोरीसाटी लय केलंत."

मी ती घेतली.