चार नंबरला पट्टा मिळेना

आमच्या बमरोलीच्या कारखान्यात मशीनखाली धाग्याचा कचरा साठतो ना, तसे हे किस्से साठतात. रोज झाडा, रोज तेवढाच! कापड विणायच्या लूमवर आमची पोरं, आणि आम्ही बाया बॉबिन भरायच्या मशीनवर. जेवढ्या बॉबिन भरू तेवढी मजुरी. मशीन बंद, तर बाईची चूल बंद. तीन नंबर माझं, चार नंबर माझ्या सुनेचं, कल्पनाचं. आणि आमचा गुजराती शेठ असा, की तुटलेल्या मशीनला नवीन सामान म्हटलं की ह्याच्या पोटात दुखायला लागतं!

*

एकदा माझ्या मशीनचा पट्टा तुटला. मशीन दुरुस्त करणारा आमचा युवराज मास्तर डोकं खाजवत आला. धुळ्याकडचा पोरगा, मला माय म्हणतो.

"माय, घरात जुनी नायलॉनची साडी आहे का? पिळून पट्टा करतो. शेठनं सांगितलंय."

"अरे मेल्या, कारखाना साड्यांचा, गोडाऊन साड्यांनी भरलेलं, आणि पट्ट्याला साडी माझी?"

"शेठ म्हणतो, तो माल विकायचा आहे."

दिली! काय करते? माझी हिरवी साडी त्या मशीनवर गरगर गरगर फिरली. माझ्या अंगावर असताना बिचारी डिंडोलीच्या बाजाराच्या पुढे गेली नव्हती!

*

मग मशीन किंचाळायला लागलं. तेल मागितलं, तर शेठनं शेजारच्या फरसाणवाल्याच्या कढईतलं उरलेलं तेल आणलं. म्हणे, "तेल एटले तेल!" म्हणजे, तेल ते तेलच.

दिवसभर कारखान्यात भज्यांचा वास. आम्ही सकाळच्या शिळ्या भाकरीवर बसलेल्या, आणि नाकात भजी! माल बघायला आलेला व्यापारी खुर्चीवर ऐसपैस बसून विचारतो, "शेठ, नाश्ता आ रहा है क्या?"

नाश्ता कुणालाच आला नाही. मुंग्यांना मात्र त्या दिवसापासून पक्की नोकरी लागली!

*

मेन स्विच शॉक मारायचा. परभणीकडच्या शेवंताबाईला असा झटका बसला, की हातातली बॉबिन उडून पत्र्याला लागली. माझं डोकंच फिरलं. तडक केबिनमध्ये गेले.

"शेठ, बाई मेली असती! नवीन आणा!"

"हा माजी, काले ज." उद्याच आणतो म्हणाला.

आणि खरंच आणली हो! सकाळी बघते तर स्विचशेजारी नवी कोरी बांबूची काठी टांगलेली. शेठ सगळ्यांना शिकवतोय, "हाथ नहीं लगाना, इससे दबाना!"

त्याच आठवड्यात केबिनचा एसी बिघडला. संध्याकाळच्या आत दोन माणसं शिडी घेऊन हजर. तिथे नाही कुणी काठी टांगली!

*

पण ह्या सगळ्यात खरा जीव गेला तो चार नंबरचा. दोन नंबरचं बेरिंग खराब झालं, चार नंबरचं काढून त्याला लावलं. मास्तर कल्पनाला म्हणाला, "वहिनी, चार नंबरला जरा आराम देऊ."

"आराम त्याला, मग उपास मला का, भाऊ?"

पुढं त्याचा पट्टा दुसऱ्या मशीनला गेला, मग मोटरही गेली. राहिला सांगाडा. भादव्यात शेठ माझ्यासमोर म्हणाला, "चार नंबर तो मरी गयुं. आता कल्पनाबेनचं काम नाही. अमास के बाद घर बैठे."

मेलं म्हणतोस? बरं!

सर्वपित्रीला घरी पितरांचा स्वयंपाक केला. भात, कढी, खीर, वडे. एक पान जास्तीचं वाढलं, झाकून कारखान्यात आणलं. जेवणाच्या सुट्टीत मागच्या भिंतीवर ठेवलं आणि हात जोडले. "चार नंबर, जेव रे बाबा."

सगळ्या बाया जमल्या. तारेवर कावळे बसलेले, एक उतरेना. शेवंताबाई म्हणाली, "इच्छा राहिली असंल हो कायतरी!"

तेवढ्यात शेठ आला. "आ शुं चाले छे?"

"तुमचं चार नंबर मेलं ना, शेठ? त्याचं पान वाढलंय."

शेठ पांढराफटक! पितरांना कावळ्याचा घास त्यांच्यातही घालतात. "माजी, हटाव! धंध्यात अपशकुन!"

"वाढलेलं पान कसं हटवू? कावळा शिवल्याशिवाय?"

शेठनं वर बघितलं. कावळ्यानं खाली बघितलं. शेवटी शेठच घाम पुसत पुटपुटला, "नवो पट्टो लावी आपीश." नवा पट्टा आणून देतो!

एक कावळा भिंतीवर उतरला, पानाकडं पाठ करून बसला.

"बेरिंग राहिलं असंल," शेवंताबाई म्हणाली.

"बेरिंग पण! नवुं!"

कावळा वळला. दोन उड्या मारून पानाजवळ आला आणि थांबला. आजवर शेठसमोर कधी तोंड न उघडलेली माझी सून पदर सावरत म्हणाली, "मोटर, शेठ."

शेठनं कावळ्याला हात जोडले. "मोटर पण!"

वडा घेऊन कावळा गेला. आम्ही मागं वळून बघतो तर कल्पना जागेवर नाही. आतून, चार नंबरजवळून तिचा आवाज आला, "मास्तर, पाना घेऊन या!"